घरबसल्या खाते : ओळख पटते कशी?

समजा, धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यातल्या एका वाडीवर राहणाऱ्या तुमच्या ताईला घरबसल्या बँकेत खाते उघडायचे आहे. बँकेचा अधिकारी मुंबईत. मग ही व्यक्ती ताईच आहे, हे त्याने ओळखायचे कसे? त्यासाठी तीन दारे ओलांडावी लागतात.

पहिले दार गणिताचे. आधार क्रमांकांचे वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी सुरू झाले. या क्रमांकाचा बारावा अंक आधीच्या ११ अंकांवरून ठरतो. व्हरहूफ या डच गणितज्ञाच्या १९६९ सालच्या या रीतीमुळे एखादा अंक चुकला, किंवा शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली, तर चूक हमखास पकडली जाते.

पण बरोबर क्रमांक चोरालाही ठाऊक असू शकतो! म्हणून दुसरे दार : नोंदवलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी. हा आकडा एकदाच चालतो आणि काही मिनिटांत निकामी होतो.

मोबाइलच चोरीला गेला तर? रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये व्हिडिओवरून ओळख पटवण्यास मान्यता दिली. हे तिसरे दार. येथे अधिकारी प्रश्नांचा क्रम मुद्दाम बदलतो. कशासाठी बरे? आधी टिपून ठेवलेल्या चित्रफितीला अनपेक्षित प्रश्नाचे उत्तर देता येत नाही; जिवंत माणसाला येते.

दुसऱ्या दाराची किल्ली मात्र ताईच्याच हाती असते. फोनवर कोणी गोड बोलून ती मागितली आणि तिने दिली, तर गणित बिचारे काय करणार?