गाडी थांबत नाही तिथं घर रिकामं

श्रोतेहो, कल्याणहून मुंबईकडे निघालं की पहिलं स्टेशन ठाकुर्ली, मग डोंबिवली. धीमी लोकल दोन्हीकडे थांबते. जलद लोकल ठाकुर्लीला न थांबता थेट डोंबिवली गाठते. या गाड्यांचं वेळापत्रक आपल्याला संगणकाकडून एक्सेलच्या तक्त्यात उतरवून घ्यायचं आहे, असं समजा.

संगणकाच्या पोटात ही माहिती डब्यात डबी अशी असते. मोठ्या डब्यात गाड्या, प्रत्येक गाडीच्या डबीत तिच्या वेळा. तक्ता मात्र सपाट, वाफे पाडल्यासारखा. एका घरात एकच गोष्ट मावते. आख्खी डबी एका घरात ठेवू गेलात, तर पायथॉन भाषेतलं ओपनपायएक्सएल हे साधन अडून बसतं. याचं एक्सेलमध्ये रूपांतर होत नाही, असं सांगतं. ही चूक भली म्हणायची. ओरडते, म्हणून सापडते.

भीती मुक्या चुकीची. धीम्या गाडीच्या डबीत तीन वेळा असतात, जलदच्या डबीत दोनच. त्या तशाच ओळीत ओतल्या, तर डोंबिवलीची वेळ एक घर अलीकडे सरकते आणि ठाकुर्लीच्या रकान्यात जाऊन बसते. फाइल उघडते, तक्ता देखणा दिसतो, आणि ठाकुर्लीचा माणूस फलाटावर उभा राहून धडधडत जाणारी गाडी नुसती पाहतो! शिक्षकबंधुभगिनींनो, तुमच्या गुणपत्रकातही असंच. मूल गणिताच्या पेपराला गैरहजर असलं, की विज्ञानाचे गुण गणिताखाली जातात. मग आईबापांना काय सांगायचं?

तेव्हा वेळा नुसत्या क्रमानं ठेवू नका. स्टेशनाच्या नावानं जोडून ठेवा. मथळ्यातलं एकेक स्टेशन घ्यावं आणि गाडीला विचारावं, "तुझी इथली वेळ कोणती?" उत्तर नसेल तर ते घर रिकामं सोडावं. रिकामं घर हीसुद्धा माहितीच आहे, बरं का.

चूक शोधताना हजार गाड्या घेऊ नयेत. एक धीमी, एक जलद पुरे. फाइल लिहिण्याआधी प्रत्येक ओळ पडद्यावर छापा, तिच्यातली घरं मोजा. रकाने तीन आणि घरं दोन, की ती गाडी धरा.

आणखी एक प्रकार हमखास भेटतो. सगळ्या ओळींत शेवटच्याच गाडीच्या वेळा दिसतात. तिथं प्रत्येक गाडीला नवी यादी न देता एकच यादी पुसून पुन्हा वापरलेली असते. नवी यादी तयार करणारी ओळ फेरीच्या बाहेर राहिली असेल, ती आत घ्या.