जखमेला भूक लागते!

एक गंमत करा. तुमच्या अंगठ्याचं नख दुसऱ्या हाताने जोरात दाबा. नखाखालचा गुलाबी रंग गेला ना? आता सोडा. आला परत! दाबल्यावर नखाखालच्या बारीक केशवाहिन्या चेपल्या, रक्त बाजूला सरलं. सोडल्याबरोबर ते पुन्हा धावत आलं.

आता सांगा, असं तासन्‌तास दाबून ठेवलं तर?

आपण आडवे होतो तेव्हा हेच होतं. खाली गादी, वर हाड आणि मधल्यामध्ये चेपते बिचारी कातडी. माकडहाड, टाचा, खुबे, कोपरं, डोक्याची मागची बाजू, इथे हाड कातडीच्या अगदी लगत असतं, म्हणून दाबही जास्त. तरी सकाळी तुम्ही धडधाकट उठता. कारण गाढ झोपेतसुद्धा तुम्ही आपोआप कूस बदलत असता.

पण ज्यांना हलताच येत नाही, ते? अंथरुणाला खिळलेली आजी, मणक्याला इजा झालेला माणूस? दाब तसाच राहिला की तिथल्या पेशींना ऑक्सिजन मिळत नाही आणि त्या मरतात. आधी लाल चट्टा उठतो, मग कातडी जाते, कधी कधी थेट हाडापर्यंत खड्डा पडतो. दवाखान्यात याला ‘बेडसोर’ म्हणतात.

१९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात मणक्याच्या जखमींसाठी खास विभाग सुरू झाला. तिथल्या डॉ. लुडविग गुटमान यांचा नियम कडक होता: दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, अगदी मध्यरात्रीसुद्धा! (पुढे याच डॉक्टरांनी भरवलेल्या खेळांमधून पॅरालिम्पिक स्पर्धा जन्माला आल्या.) पहिला उपाय हाच, दाब काढायचा.

पण जो खड्डा पडलाय, तो भरायचा कशाने? मलम तर वरवर बसतं. आतला माल येतो तो ताटातून!

जखमेत ‘फायब्रोब्लास्ट’ नावाच्या पेशी कामाला लागतात. त्या कोलॅजन नावाचं प्रथिन तयार करतात. कोलॅजन असतं तीनपदरी वेणीसारखं, तीन लांब धागे एकमेकांत घट्ट पिळलेले. म्हणून तर ते इतकं चिवट! तुमच्या अंगातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळजवळ एक तृतीयांश प्रथिन हेच आहे. धागे बनतात अमिनो आम्लांपासून, आणि ती मिळतात तुम्ही खाल्लेल्या डाळ, दूध, अंडी, मासे यांतली प्रथिनं पचल्यावर. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घडवायलाही प्रथिनंच लागतात.

आता अडचण बघा. जास्तीची चरबी शरीर साठवून ठेवतं, थोडी साखरही यकृतात ठेवतं. प्रथिनांचा मात्र राखीव साठाच नाही! ताटातून पुरेशी आली नाहीत, तर शरीर चक्क स्वतःचे स्नायू मोडून खातं. त्यात उघड्या जखमेतून जो स्राव सतत गळतो, त्याबरोबरही प्रथिनं वाहून जातात. आणि पोटभर भात-भाकरी नसेल, तर उरलीसुरली प्रथिनं ऊर्जेसाठी जळून जातात.

१९९३ साली अमेरिकेत रोझलिंड ब्रेस्लो आणि सहकाऱ्यांनी जास्त प्रथिनांनी जखम भरते का, याची परीक्षाच घेतली. शुश्रूषागृहांतल्या २८ कुपोषित रुग्णांना बेडसोर झाले होते. काहींच्या आहारात २४ टक्के प्रथिनं दिली, बाकीच्यांच्या १४ टक्के. आठ आठवड्यांनी मोजमाप केलं, तर जास्त प्रथिनं मिळालेल्यांच्या जखमा ठळकपणे आक्रसल्या होत्या. रुग्ण थोडे होते, पण दिशा कळली. एरवी मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात. बेडसोर असेल, तर आज तज्ज्ञ १.२५ ते १.५ ग्रॅम सुचवतात.

करा हिशोब! ५० किलोच्या आजीला एरवी ४० ग्रॅम पुरतात, जखम असेल तर ६२.५ ते ७५ लागतील. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, कपभर दुधात तेवढीच, मूठभर शेंगदाण्यांत ७ च्या आसपास. आणि आजारी माणसाला आपण हमखास देतो त्या साबुदाण्यात? जवळजवळ शून्य! पण थांबा, लगेच आजीचं ताट भरायला धावू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर जास्त प्रथिनं त्रास देतात, म्हणून आधी डॉक्टरांना विचारायचं.

शिवाय प्रथिनांना एक जोडीदार लागतो, क जीवनसत्त्व. आवळा, पेरू, लिंबू यांतलं. ते नसेल तर कोलॅजनचे पदर नीट पिळलेच जात नाहीत. १७४० च्या दशकात ब्रिटिश नौदलातल्या जॉर्ज अॅन्सनच्या जहाजावर ताज्या फळांविना खलाशांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, झाला. त्यांत एक म्हातारा होता, पन्नास वर्षांपूर्वी लढाईत जखमी झालेला. त्याच्या कधीच्या भरून आलेल्या जखमा पुन्हा उघडल्या!

पन्नास वर्षांनी! म्हणजे जखम भरली की काम संपलं, असं नसतंच. जुनं कोलॅजन मोडत राहतं, नवं पिळलं जात राहतं. तिसरीत सायकलवरून पडून तुमच्या गुडघ्याला जो व्रण राहिलाय ना, त्याची डागडुजीसुद्धा आजच्या जेवणातूनच चालू आहे.