एका तासाचा हिशेब



कामगार चळवळीतल्या माणसाने सायकलच्या शर्यतीवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. पण माझे निम्मे आयुष्य सायकलवर गेले आहे. पाळी सुटायच्या वेळी एका फाटकावरची सभा आटोपायची आणि दुसऱ्या फाटकाकडे पायडल मारायचे. आमच्यात शर्यतीचे शौकीन पुष्कळ. चहाच्या टपरीवर वाद ठरलेला: बेल्जियमचे एडी मर्क्स मोठे, की आजची पोरे मोठी? टूर द फ्रान्सवरून हा वाद मिटत नाही. तिथे दरसाल रस्ता वेगळा, वारा वेगळा, साथीदार वेगळे. मग कोणीतरी म्हणतो, तासाचा विक्रम काढा. एक माणूस, एक गोल धावपट्टी, साठ मिनिटे. कापले तेवढे अंतर त्याचे. यात भानगडीला जागा कोठे?

जागा आहे, आणि ती सीट व हँडल यांच्या मधोमध आहे.

सपाट जागी सायकलवाल्याचे खरे भांडण हवेशी असते. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्याला पुरे पडायला दर क्षणाला लागणारी ताकद आठपट. ही हवा लोखंडावर थोडी आणि माणसाच्या अंगावर फार आदळते. म्हणून पाय किती दणकट, याइतकाच माणूस बसतो कसा, हाही प्रश्न महत्त्वाचा.

१८९३ साली पॅरिसला आंरी देग्रांज यांनी तासात ३५.३२५ किलोमीटर कापले. पुढे १९०३ साली टूर सुरू करणारे संपादक ते हेच. यंत्राने माणसाला हात दिलेला त्यांना खपत नसे. गिअर बदलण्याची सोय त्या शर्यतीत आली ती ते बाजूला झाल्यावर, १९३७ साली. मर्क्स यांनी १९७२ साली मेक्सिको शहराच्या विरळ हवेत ४९.४३१ किलोमीटर केले आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. १९८४ साली त्याच शहरात इटलीच्या फ्रांचेस्को मोझर यांनी थाळीसारखी बंद चाके लावून ५१.१५१ केले. इथून टपरीवरच्या वादाला खरा जोर चढतो.

आता मला ज्यांच्याविषयी बोलायचे आहे ते ग्रॅम ओब्री. स्कॉटलंडचा माणूस, सायकलचे दुकान बुडालेले, खिशात पैसा नाही. त्यांनी स्वतः सायकल बांधली आणि तिच्यात कपडे धुण्याच्या यंत्रातले बेअरिंग बसवले. हँडल आखूड करून छातीखाली घेतले, हात पाखरासारखे मिटून अंगाला चिकटवले. नॉर्वेतल्या हामार इथे १६ जुलै १९९३ रोजी त्यांचा प्रयत्न फसला. दुसरा कोणी घरी गेला असता. यांनी रात्रभर पाणी पीत, उठून अंग ताणत स्नायू आखडू दिले नाहीत, आणि सकाळी ५१.५९६ किलोमीटर कापून मोझर यांना मागे टाकले. सहाच दिवसांनी इंग्लंडचे ख्रिस बोर्डमन यांनी ५२.२७० केले; पुढल्या एप्रिलात ओब्रींनी ५२.७१३ करून विक्रम परत घेतला.

मग ऑगस्ट १९९४ मध्ये इटलीत जागतिक स्पर्धेच्या वेळी जागतिक सायकल संघटनेने ती बैठकच बेकायदा ठरवली, तीही त्यांच्या शर्यतीला तासभर उरला असताना. ओब्री तसेच बसून धावले आणि बाद झाले. पाळी सुरू होता होता फाटकावर नोटीस डकवण्याचा प्रकार मी जन्मभर पाहिला आहे; त्यामुळे मला हे वाचताना मुळीच नवल वाटले नाही.

नियम असू नये, असे माझे म्हणणे नाही. ज्याच्या मागे कारखाना उभा आहे, त्याच्याशी एकट्याची बरोबरी व्हायची तर हत्याराला मर्यादा हवीच. पण आधी छाटली गेली ती गरिबाने घरी काढलेली युक्ती. महागड्या साच्यातल्या सायकलींवर बंधन यायला आणखी काही वर्षे गेली. २००० साली तर मर्क्स यांच्यानंतरचे सारे आकडे वेगळ्या खात्यात काढून ठेवले. त्याच ऑक्टोबरात बोर्डमन साध्या सायकलवर बसले आणि ४९.४४१ केले, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी मर्क्स यांच्यापेक्षा दहा मीटर जास्त! टपरीवरच्या वादाला याहून चांगले उत्तर मला माहीत नाही. २०१४ साली नियम पुन्हा सैल झाले, आणि २०२२ साली इटलीचे फिलिप्पो गान्ना यांनी ५६.७९२ किलोमीटर कापले.

आमच्यातली तरुण मंडळी हे ऐकून हँडल खाली करतात आणि आठवड्याने कंबर धरून बसतात. विक्रमवीराची बैठक एका तासापुरती असते. १९६९ साली ब्लोआ इथल्या धावपट्टीवर मर्क्स पडले; त्यांच्या पुढे मोटारसायकल चालवणारा माणूस त्या अपघातात गेला. तेव्हापासून त्यांची पाठ कधी पुरती सरळ झाली नाही, आणि ते भर शर्यतीतसुद्धा सीट वरखाली करीत. एवढा मोठा पुरुष, पण आपल्या अंगाला काय मानवते हे त्यालाही चाचपडतच शोधावे लागले.

माझे गुडघे चाळिशीतच दुखू लागले होते. औषधे झाली, तेल झाले. शेवटी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने मला सीटवर बसवले, टाच खालच्या पायडलवर ठेवायला सांगितली आणि म्हणाला, "साहेब, टाच टेकली की पाय सरळ व्हायला हवा, तुमचा पाय तर दुमडलेलाच राहतो." पाना घेऊन त्याने सीट तीन बोटे वर केली, पैसे घेतले नाहीत. ती आजही तिथेच आहे.