वीजबिलापायी अडलेला ओपनबीएसडी

अमरावती-अकोल्यात बसून पोरं परदेशातला सर्व्हर दुरून हाताळतात, ते बहुतेक वेळा ओपनएसएसएचच्या भरवशावर. ते 1999 साली ओपनबीएसडी या सुरक्षेला वाहिलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पातून आलं. आणि हाच प्रकल्प 2014 च्या जानेवारीत वर्षाच्या वीजबिलासाठी, सुमारे 20 हजार डॉलरसाठी, अडला होता!

एवढी वीज लागते कशाला? कॅनडातल्या कॅलगरीत, प्रमुख थिओ डी राट यांच्या घरी, ओपनबीएसडी तपासायला जुन्या-नव्या प्रोसेसरची मशीन्स चालू असायची. उदाहरणार्थ स्पार्क. आपल्या लॅपटॉपपेक्षा तो आकड्यांचे बाइट उलट्या क्रमानं ठेवतो, आणि मेमरीचा पत्ता नीट जुळला नाही की प्रोग्रॅम तिथंच पाडतो. लॅपटॉपवर वर्षानुवर्षं लपलेली चूक अशी झटक्यात उघडी पडते. एम्युलेटरवर, म्हणजे प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, सगळ्याच चुका सापडत नाहीत, म्हणून खरी मशीन्सच लागतात. मला हा हट्ट शंभर टक्के पटतो.

तेव्हा देणग्या आल्या, निभावलं. पण खर्च दरवर्षीचा आहे. ओपनबीएसडी फाउंडेशन आजही देणग्यांवर चालतं. तुमच्या कंपनीत सर्व्हर असतील, तर साहेबांच्या कानावर एवढं नक्की घाला.