जुन्या मोटारगाडीची दुरुस्ती

जावळी तालुक्यांत मोटारगाडी ही आतां केवळ चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. मेढ्याहून साताऱ्यास बाजारहाट, कचेरीचीं कामें, मुलांचें शिक्षण आणि विशेषेंकरून रात्रीं-अपरात्रीं रोग्यास जिल्ह्याच्या रुग्णालयांत पोंचविणें, हें सर्व डोंगराकडील घरांत गाडीवर अवलंबून असतें. अशा घरची गाडी बहुधा जुनी असते. कित्येक वेळां मुंबईस नोकरीस असलेल्या भावानें वापरून गांवीं पाठविलेली असते. नवी घेण्याची ऐपत नाहीं, जुनी टाकवत नाहीं आणि दुरुस्तीचा खर्च झेपत नाहीं, अशा पेंचांत सांपडलेल्या शेतकरी बंधूंकरितां चार गोष्टी येथें मांडीत आहों.

प्रथम विश्वासाचा प्रश्न घेऊं. "मिस्त्री फसवितो" ही तक्रार सर्वत्र ऐकूं येते. कांहीं ठिकाणीं ती खरीहि असेल. परंतु आमच्या मतें बहुतेक तंट्यांचें मूळ लबाडींत नसून नोंदीच्या अभावांत असतें. जमिनीचा तुकडा गुंठाभर असला तरी त्याचा सातबारा आपण जपून ठेवितों. मात्र लाख-दीड लाखाच्या गाडीस कोणता भाग केव्हां व किती किंमतीस बसविला, याचा एक चिटोराहि आपणांजवळ नसतो. मग त्याच भागाचे पैसे दुसऱ्यांदा मागितले, तर नाहीं कसें म्हणणार? याकरितां गाडीची एक वही करावी. तींत तारीख, गाडी किती किलोमीटर चालली तो आंकडा, केलेलें काम, भागाची किंमत व मजुरी असे पांच रकाने पुरेत.

दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. खेड्यांतील मिस्त्री सुटे भाग साताऱ्याहून रोखीनें आणतो आणि आपण त्यास सुगीपर्यंत थांबवितों. त्या उधारीचें व्याज तो किंमतींत चढवितो; यांत नवल नाहीं. भागांचे पैसे आगाऊ व मजुरी काम संपतांच देणाऱ्या गिऱ्हाइकास वाजवी दर मागण्याचा अधिकार पोंचतो. दुरुस्तीचा धंदा हलका लेखूं नये, हेंहि येथें सांगणें जरूर आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं आरंभीं बेळगांवीं सायकलींचें दुकान चालविलें, आणि १९१० सालीं औंध संस्थानांत, म्हणजे हल्लींच्या सांगली जिल्ह्यांत, किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगराचा कारखाना थाटला.

आतां प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळूं.

१. दोष स्वतः ओळखावा. निळसर धूर निघत असेल तर इंजिनांत तेल जळत आहे; काळा धूर म्हणजे इंधन प्रमाणाबाहेर जात आहे; आणि इंजिन तापल्यावरहि पांढरा धूर थांबत नसेल तर थंडाव्याचें पाणी आंत शिरत असण्याचा संभव आहे. एवढें सांगतां आलें तरी मिस्त्रीचा वेळ व आपला पैसा वांचतो.

२. अंदाज लेखी घ्यावा. भागांची किंमत व मजुरी निरनिराळी लिहवून घ्यावी. अंदाजाबाहेरचें काम विचारल्यावांचून करूं नये, असें आधींच ठरवावें, आणि काढलेला जुना भाग परत मागावा. इंजिन उघडण्यासारखें मोठें काम असल्यास दुसऱ्या कारागिराचें मत घ्यावें.

३. सुटे भाग तीन प्रकारचे असतात: गाडीच्या कंपनीचे, दुसऱ्या नामांकित कारखान्याचे आणि मोडीत काढलेल्या गाडीवरून उतरविलेले. दार, कांच, आरसा, दिव्याचें घर हे भाग मोडींतील घेतल्यास हरकत नाहीं, आणि तेथेंच खरी काटकसर होते. परंतु ब्रेक, सुकाणूचे सांधे, टायर व इंजिनाचा टायमिंग पट्टा हे भाग जुने कधींहि घेऊं नयेत. ज्या भागांवर वस्तु व सेवा कर २८ टक्के होता, त्यांवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे; तेव्हां पक्की पावती घेण्यास कचरूं नये. पावतीवांचून हमी नाहीं.

४. ब्रेकची हयगय नको. आपल्याकडील पाऊस व केळघरचा घाट यांमुळें हें कलम सर्वांत महत्त्वाचें आहे. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें व त्यामुळें तें कमी उष्णतेंत उकळूं लागतें. घाट उतरतांना सारखा ब्रेक दाबीत राहिल्यास त्या तेलांत वाफ धरते, आणि पायपट्टी तळापर्यंत जाऊनहि गाडी थांबत नाहीं. हें तेल साधारण दोन वर्षांनीं बदलावें, आणि उतारावर खालच्या गिअरमध्येंच गाडी ठेवावी. तेलाच्या डब्याची किंमत व घरांतील माणसें यांची तुलना करण्याचें कारण नाहीं.

५. पेट्रोलांत आतां २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. आपल्या उसास त्यानें गिऱ्हाईक मिळालें, ही आनंदाची गोष्ट. परंतु जुन्या गाड्यांतील कांहीं रबरी नळ्या व वायसर त्यास टिकत नाहींत. नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालांत पूर्वींच्या चारचाकी गाड्यांचें मायलेज ६ ते ७ टक्के घटण्याचा अंदाज दिला आहे. तेव्हां मायलेज थोडें उतरल्याबरोबर इंजिन उघडूं देऊं नये. आधीं नळ्या तपासवाव्या.

६. कागदपत्र. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षें चालते. पुढें तपासणी होऊन ती पांच-पांच वर्षांकरितां वाढवून मिळते. चारचाकीस यासाठीं १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये फी झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें २० वर्षांवरील गाडीस ती १०,००० रुपये करण्यांत आली. राज्याचा पर्यावरण कर निराळा. मोठी दुरुस्ती काढण्यापूर्वीं हा खर्च बेरजेंत धरावा. सांगाडा गंजून कुजला असेल, किंवा वर्षाचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर जाऊं लागला असेल, तर मोह सोडून ती मोडींत द्यावी.

इतकें करूनहि फसवणूक झाल्यास १९१५ या क्रमांकावर ग्राहक साहाय्य मिळतें. त्यानेंहि न भागल्यास दोन वर्षांच्या आंत साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागतां येते. पांच लाखांपर्यंतच्या व्यवहारास तेथें फी पडत नाहीं. मात्र पुरावा म्हणून पावती व वही हीं दोन साधनें तेव्हां हवींत.

शेवटीं संघाच्या सभासदांस एक सूचना. बियाण्यांचा व खतांचा अनुभव आपण एकमेकांस सांगतों, त्याप्रमाणें गाडीच्या वहींतील नोंदीहि सांगाव्या. कोणत्या कामास कोठें किती पडले आणि तें काम किती दिवस टिकलें, एवढी माहिती गांवोगांवच्या दहा-वीस सभासदांनीं एकत्र केली, तर वाजवी दर कोणता हें सर्वांस कळेल आणि चोख काम करणाऱ्या मिस्त्रीस आपोआप गिऱ्हाईक मिळेल. मे महिन्यांत, पावसापूर्वीं, पांच-सहा गाड्यांचीं ब्रेकचीं कामें एकाच वेळीं एकाच कारागिराकडे दिल्यास त्याची साताऱ्याची खेप एकच होईल व दरांतहि सवलत मागतां येईल. येत्या मासिक सभेंत या गोष्टीचा विचार व्हावा, अशी आमची विनंती आहे.