हाइड अँड सीक बिस्किटाची गोष्ट

मुलांनो, आपल्या अंजूरच्या आजूबाजूला गोदामंच गोदामं. कुणाचे बाबा तिथं खोकी उचलतात, कुणाची आई पॅकिंगला जाते. पण खोक्यातली वस्तू मुळात कुठली, हे कोण विचारतं? आज एकच पुडा घेऊ, 'हाइड अँड सीक'चा.

हे बिस्किट पार्ले कंपनीचं. मोहनलाल चौहान यांनी १९२९ मध्ये मुंबईत विलेपार्ल्याला कारखाना काढला, म्हणून कंपनीचं नाव पार्ले. आधी गोळ्या, मग बिस्किटं. तो जुना कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, नाव मात्र राहिलं.

चॉकलेटच्या तुकड्यांची कल्पना अमेरिकेतली. मॅसॅच्युसेट्समध्ये रूथ वेकफिल्ड नावाच्या बाई 'टोल हाऊस' ही खाणावळ चालवायच्या. १९३० च्या दशकात त्यांनी चॉकलेट चिरून बिस्किटाच्या पिठात घातलं. हे चुकून झालं असं सांगतात, मला काही ते पटत नाही. बाई पाकशास्त्र शिकलेल्या, पुस्तक लिहिलेल्या!

भट्टीत तुकडे मऊ होतात, पण पिठात पूर्ण मिसळत नाहीत. गार झाले की पुन्हा घट्ट. म्हणूनच ते बिस्किटात लपलेले सापडतात. हाइड अँड सीक म्हणजे लपाछपीच की!

उद्या रिकामं वेष्टन घेऊन या. माल कुठं बनला ते मागं बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ते आपण नकाशात शोधू.