न दिसलेल्यांची मोजदाद

घाटनांदूरच्या माळावर गवताच्या जाती किती? दिसल्या तेवढ्याच, असे म्हणणे म्हणजे हजेरीपटावर नाव नाही तो मजूरच नव्हे, असे म्हणणे होय. मालकांचा हा जुनाच हिशेब! ॲन चाओ या तैवानी विदुषींनी १९८४ साली निराळी रीत मांडली. समजा, २० जाती आढळल्या. पैकी ६ जातींचे एकेकच रोप, ३ जातींची दोनदोन. सहाचा वर्ग ३६. त्यास तिनाच्या दुपटीने भागा. नजरेआड राहिलेल्या जाती ६, एकूण २६; आणि हाही आकडा किमानच. एकांड्या जाती जितक्या अधिक, तितक्या न दिसलेल्याही अधिक, हे त्यातील मर्म. 'आर' ही फुकट मिळणारी संगणक-प्रणाली हे गणित क्षणात करते; मात्र माळ नांगरला जाण्यापूर्वी, गवत फुलोऱ्यात असताना, चौकटी टाकून रोपे माणसानेच मोजावी लागतात.